खारं की गोडं? खाडीतली एक जखम आणि एका तरुण सर्जनची पहिली दोन वर्षं

ऑगस्टचा पहिला आठवडा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली होती, पण समुद्र अजून होडी लोटण्याजोगा नव्हता. अशा दिवसांत किनाऱ्यावरची माणसं खाडीकडे वळतात. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात उतरायचं, खडकाला चिकटलेली कालवं फोडायची, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या. घरच्या कालवणाची सोय होते आणि उरलेल्याचे चार पैसे सुटतात. आमचा रुग्ण असाच एक रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा माणूस, वय ५४.

प्रकरण सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका उपजिल्हा रुग्णालयातलं आहे. रुग्णाची आणि डॉक्टरची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय क्रम जसाच्या तसा ठेवला आहे. मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी होतो आणि ही तरुण सर्जन कामापुरती माझ्या देखरेखीखाली होती. एमएस होऊन तिला अकरा महिने झाले होते, बंधपत्राची सेवा चालू होती. प्रकरण लिहायचं कारण रोग दुर्मीळ होता एवढंच नाही. सर्जनच्या उमेदीच्या वर्षांत इकडचं तिकडचं शिकण्याला किती किंमत द्यावी, याबद्दलचं माझं मत या रुग्णानं बदललं. ते कसं बदललं, हे क्रमानं मांडतो.

सकाळी साडेसहा

रिक्षातून उतरवतानाच पुतण्या ओरडत होता, "फुरसां चावलां!" आदल्या रात्री काका अंधारात कातळावरून घरी आला होता. घोट्याजवळ दोन खुणा होत्या आणि डावा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. ड्यूटीवरच्या मेडिकल ऑफिसरनं सर्पदंश धरून काम सुरू केलं आणि ते बरोबरच केलं. कोकणात पावसाळ्यातला सुजलेला पाय म्हणजे आधी फुरसं, मग बाकीचं. फुरसं दिसायला एवढंसं, पण त्याच्या विषानं रक्त गोठण्याची क्रियाच कोलमडते. म्हणून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग आडवी करून बघतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलं आहे असं समजायचं.

या रुग्णाचं रक्त नळीत घट्ट बसलं होतं.

एका नळीवरून विष नाहीच असं म्हणता येत नाही, म्हणून चाचणी पुन्हा लावली. पाय मात्र दगडासारखा ताणला होता. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढून रक्तपुरवठा तुटतोय की काय, या शंकेनं सर्जनला बोलावणं गेलं. ती सात वाजून दहा मिनिटांनी पोचली.

नाडी १२८, रक्तदाब ८८/५६, ताप १०२. पायाची कातडी जांभळट, घोट्याच्या वर दोन फोड आणि फोडांत काळसर लाल पाणी. बोटानं हलकं दाबलं तरी माणूस कळवळत होता, आणि सूज नसलेल्या जागीसुद्धा दाबलेलं त्याला सहन होत नव्हतं. तिनं खिशातलं मार्कर काढून सुजेच्या कडेवर रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली, ७.१५.

एकच पाय, दोन उलटे निर्णय

इथे जरा थांबतो, कारण या प्रकरणाचा सगळा पेच इथेच आहे.

फुरसं किंवा घोणस चावून पाय असा सुजला असेल तर सर्जननं सुरी लावायची घाई करायची नसते. सूज मोठी दिसते, पाय ताणलेला असतो, पण कप्प्यातला दाब खरोखर वाढलेला असतोच असं नाही. त्यात रक्त गोठत नसताना पाय उघडला तर रक्तस्राव थांबता थांबत नाही. आधी प्रतिविष द्यायचं, रक्त गोठू लागलं की नाही ते बघायचं, दाब मोजायचा आणि मग गरज असेल तर पुढचं. बहुतेक वेळा गरज पडत नाही.

त्वचेखालची चरबी आणि स्नायूंवरचं पांढरं आवरण जंतूंनी सडत चाललं असेल, म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिस असेल, तर नेमकं उलटं. तिथे औषधं पोचतच नाहीत, कारण त्या भागातल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद झालेल्या असतात. मेलेला भाग कापून काढणं हाच उपचार, आणि तोही काही तासांत. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली तर बहुधा माणूस हाती लागत नाही.

एका निर्णयात घाई जीवघेणी आणि दुसऱ्यात थांबणं जीवघेणं. पाय मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो, निदान पहिल्या नजरेला.

सर्जरीच्या पुस्तकात दोन्ही रोग आहेत, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. सकाळी सात वाजता, भिजलेल्या नातेवाइकांच्या घोळक्यात, ते एकाच माणसाच्या एकाच पायात समोर येतात.

तिनं खुर्ची ओढली, त्याच्या डोक्याशी बसली आणि विचारलं, "काका, काल पाय खंय होतो?"

"खाडयेत. कालवां काढूक गेल्लंय."

"पाणी खारां काय गोडां?"

मेडिकल ऑफिसरनं मला नंतर सांगितलं की हा प्रश्न ऐकून त्याला वाटलं, बाई रुग्णाला बोलतं ठेवण्यासाठी काहीतरी विचारतेय. रुग्णानं मात्र नीट उत्तर दिलं. "ना धड खारां, ना धड गोडां. पाऊस पडता मा!"

मग तिनं कुठे लागलं ते विचारलं. घोट्याच्या मागे कालवाच्या कडेनं कापलं होतं, आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला. हळद लावून तो पुन्हा पाण्यात उतरला होता. ज्यांना आम्ही दाताच्या खुणा समजत होतो त्या कालवाच्या धारेनं झालेल्या दोन चिरा होत्या. शेवटचा प्रश्न तिनं बायकोला, बाजूला घेऊन विचारला. हो, पितात. रोज. गेल्या वर्षी कावीळही झाली होती.

या चार उत्तरांनी चित्र फिरलं. पाण्यात झालेल्या जखमेचे जंतू पाण्यावर ठरतात. नदी-तळ्याच्या गोड्या पाण्यात एरोमोनास असतो. चिखलाच्या शेतात लेप्टो. खाऱ्या आणि निमखाऱ्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ, आणि त्यातला सगळ्यात क्रूर म्हणजे व्हिब्रिओ व्हल्निफिकस. पावसाळ्यात नद्यांचं पाणी खाडीत उतरतं, खारटपणा कमी होतो, पाणी तरी कोमटच राहतं, आणि या जंतूला नेमकं असंच पाणी मानवतं. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात तो साठतो. निरोगी माणसाला अशा चिरेनं बहुधा काही होत नाही. यकृत खराब असलेल्या माणसाला मात्र तो एका रात्रीत खाली पाडतो. त्याचं एक कारण असं सांगतात की यकृत बिघडलं की रक्तात मोकळं लोह वाढतं आणि हा जंतू लोहावर पोसतो.

७.५५ ला तिनं पायाकडे पुन्हा पाहिलं. सूज रेघेच्या वर दोन बोटं सरकली होती.

कापायचं की पाठवायचं

मला तिचा फोन आला तो ७.३५ ला, रेघ सरकण्याच्या आधी. मी म्हणालो, "गोव्याला पाठव." आमच्याकडचे गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात ही वर्षानुवर्षांची वहिवाट आहे. पावसात अॅम्ब्युलन्सनं किमान अडीच-तीन तास, पुढे तिथली तपासणी, मग थिएटर.

ती म्हणाली, "सर, पोचेपर्यंत मांडीपर्यंत जाईल. आधी कापते, मग पाठवते."

मी गप्प राहिलो. तिच्या हाताची मला खात्री नव्हती. पण तिच्या बोलण्यात जो क्रम होता त्यात मला खोट काढता येईना. तोवर तिनं प्रोब पायावर ठेवून सोनोग्राफी केलीही होती. आवरणाच्या रेषेत पाणी साठलेलं दिसत होतं. एक्स-रेमध्ये वायू नव्हता, पण वायू नाही म्हणजे हा रोग नाही असं होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. भूलतज्ज्ञ २५ किलोमीटरवर होते, ते निघाले. रक्तपेढीला फोन झाला.

औषधांचं नशीब चांगलं होतं. लेप्टो आणि स्क्रब टायफसमुळे पावसाळ्यात आमच्या रुग्णालयांत शिरेतून द्यायचं डॉक्सिसायक्लिन ठेवलेलं असतं. व्हिब्रिओवर तेच लागतं, जोडीला तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन. सेफ्ट्रायअॅक्झोन कपाटात होतं, ते लगेच दिलं. सेफ्टाझिडिम बाजारातून आणवलं. जंतू नक्की होईपर्यंत क्लिंडामायसिनही चालू ठेवलं, कारण हाच प्रकार स्ट्रेप्टोकोकसही करू शकतो.

पाय उघडायला नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरुवात झाली. पहिला छेद दोन सेंटिमीटरचा, थेट आवरणापर्यंत. रक्त आलंच नाही. करडं, पातळ, तांदळाच्या धुवणासारखं पाणी आलं. तिनं तर्जनी आत घातली. निरोगी पायात चरबी आवरणाला चिकटलेली असते, बोटाला अडकाव लागतो. इथे बोट ओल्या भिंतीवरून पापुद्रा सुटावा तसं सरकत गेलं. हे जिनं एकदा बोटानं अनुभवलं तिला पुन्हा कुठल्या स्कॅनची गरज वाटत नाही. छेद पावलापासून अर्ध्या पोटरीपर्यंत वाढवला, काळं-करडं सगळं काढलं, जखम उघडी ठेवली.

त्याच वेळी खाली प्रयोगशाळेत दुसरी गोष्ट घडत होती. तिनं टेक्निशियनला सांगून ठेवलं होतं की नमुना नेहमीच्या नळीत नको, व्हिब्रिओ असेल. टेक्निशियन निवृत्तीला आलेला. त्याला व्हिब्रिओ म्हटल्यावर कॉलरा आठवला, आणि कॉलराच्या साथीत नमुने कशातून पाठवायचे तेही आठवलं: अल्कलाइन पेप्टोन वॉटर, कारण कॉलऱ्याचा जंतू त्याच कुळातला. कपाटाच्या मागच्या रांगेत पावडरची बाटली होती. मुदत बघितली, बाटल्या तयार केल्या, नमुना घातला. मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून चौथ्या दिवशी फोन आला. व्हिब्रिओ वाढवायच्या टीसीबीएस माध्यमावर जंतूंच्या हिरव्या वसाहती वाढल्या होत्या. व्हिब्रिओ व्हल्निफिकस. डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्टाझिडिम दोन्ही लागू.

रात्री दहा

मी दुपारी पोचलो. रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रिनलिन चालू होतं, लघवी तासाला २० मिलिलिटरवर अडकली होती. सूज गुडघ्याखाली थांबलेली दिसत होती, पण मला ते पटेना. रात्री दहा वाजता आम्ही दोघांनी जखम पुन्हा उघडली.

तिचा छेद जिथे संपला होता त्याच्या वर सहा सेंटिमीटरपर्यंत आवरण मेलेलं होतं. तिथली कातडी वरून चांगली दिसत होती. सकाळी ती त्या चांगल्या कातडीशी थांबली होती.

हे मी तिच्याजवळ स्पष्ट बोललो आणि इथेही स्पष्ट लिहितो. रोग ओळखण्यात ती माझ्या पुढे होती. सुरी किती वर न्यायची यात ती मागे होती. या रोगात कातडीवर विश्वास ठेवायचा नसतो. चारही बाजूंनी आवरण बोटाला घट्ट लागेपर्यंत आणि कडेतून तांबडं रक्त येईपर्यंत पुढे जायचं असतं. हे वाचून समजतं, पण हाताला ते दहा-वीस पाय उघडल्यावरच कळतं. तिनं तोवर असे दोनच पाय उघडले होते. तिच्या बॅचचे जे लोक मोठ्या रुग्णालयांत दिवसरात्र थिएटरमध्ये उभे राहिले, त्यांचा हात कदाचित तिथे थांबला नसता. सकाळचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला असता का, हे मला सांगता येत नाही.

करंगळीकडची दोन बोटं गेली. पाय राहिला. तिसऱ्या दिवशी रक्तदाबाचं औषध बंद झालं, सहाव्या दिवशी जखम तिसऱ्यांदा साफ केली, १९ व्या दिवशी मांडीची कातडी लावली. ४१ व्या दिवशी तो काठी टेकत घरी गेला.

हे कुठून आलं

प्रकरण मांडताना बहुतेक लोक इथे थांबतात. मला इथून पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

रुग्ण घरी गेल्यावर मी तिला विचारलं, ते खारं-गोडं तुला सुचलं कसं? तिनं एक शंभरपानी वही दाखवली. ओपीडीतल्या बाकांवर बसलेल्या माणसांकडून आणि सर्जरीबाहेरच्या पुस्तकांतून मिळालेलं ती त्यात लिहीत असे. एका पानावर पाकट माशाच्या विषारी काट्याचं चित्र होतं. शेजारी लिहिलं होतं की त्याचं विष उष्णतेनं निकामी होतं, म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, दुखणं उतरेपर्यंत बुडवायचा, आणि मग काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते शोधायचं. दुसऱ्या पानावर मासे साफ करणाऱ्या बायकांच्या बोटांवरचा लालसर चट्टा, जंतू एरिसिपेलोथ्रिक्स. तिसऱ्यावर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी, जंतू मायकोबॅक्टेरियम मरिनम. आणि एका पानावर तीन रकाने: खारं, गोडं, चिखल.

ते रकाने तिनं जिल्हा रुग्णालयात लिहिले होते. २०२० च्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ती किनारपट्टीवर आली होती आणि रोज दुपारी प्रयोगशाळेत जाऊन बसत असे. हे मला आठवतं, कारण त्या वेळी मीच तिला बोललो होतो. "थिएटरमध्ये हर्निया चाललाय आणि तू खाली बाटल्या बघत बसतेस?" तिनं उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हर्नियाला आली आणि दुपारी पुन्हा खाली गेली.

माझ्या त्या बोलण्यामागे एक जुनी गोष्ट होती, उलट्या बाजूनं. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या रुग्णालयात, कोळीवाड्यातली एक बाई बोटाला काटा लागून आली होती. हात कोपरापर्यंत सुजलेला. मी कागदावर सेल्युलायटिस लिहिलं, नेहमीचं प्रतिजैविक सुरू केलं आणि सकाळी बघू म्हणून वॉर्डात पाठवलं. पहाटे ती गेली. कुठला मासा, कुठलं पाणी, पोटाचं जुनं दुखणं काय, यातलं मी काहीही विचारलं नव्हतं. त्यानंतर अनेक वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो की हात लवकर उघडायला हवा होता, म्हणजे सर्जन म्हणून अजून वेगवान व्हायला हवं होतं. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी तेच शिकवलं: केसेस करा, हात चालवा. त्या मुलीची वही हातात घेतल्यावर कळलं की माझी चूक हाताची नव्हती. चूक विचारपूस न करण्याची होती, आणि विचारायला जे माहीत असावं लागतं ते मला माहीत नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात या गोष्टीचा पुरावा जागोजागी आहे, आम्ही तो परीक्षेपुरता वाचतो. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरनं अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या फ्रॅक्चरवर कार्बोलिक अॅसिड लावलं. आंबण्यावरचं पाश्चरचं काम त्याला एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून कळलं होतं, आणि कार्बोलिक तर कार्लाइल गावातल्या गटारांचा वास मारायला वापरत होते. दारूचं आंबणं आणि गावाचं गटार यातून जंतुविरहित शस्त्रक्रिया उभी राहिली. आपल्या जवळचं बघायचं तर धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर. हर्नियाची महागडी जाळी गरिबाला परवडत नाही म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड तपासलं, निर्जंतुक केलं, वापरलं आणि त्याचे निकाल छापले. पुढे २०१६ मध्ये युगांडातल्या रुग्णांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली आणि वर्षभरात हर्निया परत येण्याच्या प्रमाणात महत्त्वाचा फरक आढळला नाही. कापडाचा धागा कशाचा आहे हे बघायला सर्जनला कुणी सांगत नाही.

आणि कोकणात तर डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. ते सर्जन नाहीत, पण या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचंच नाव होतं. महाडच्या परिसरात विंचूदंशानं माणसं मरत होती, त्या रुग्णांच्या शेजारी बसून त्यांनी नोंदी केल्या. लाल विंचवाच्या दंशात हृदय आणि फुप्फुसं कशी खचतात यावरचं त्यांचं लेखन १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तदाबाची गोळी विंचवाला लागू पडते, हे ज्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतात त्यालाच दिसतं.

किंमत

आता दुसरी बाजू, कारण ती झाकली तर प्रकरण अर्धंच राहील.

पहिल्या वर्षी तिच्या दुर्बिणीतून केलेल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया तिच्या बॅचमेटांच्या निम्म्याही नव्हत्या. तिला वेळ जास्त लागत असे. एकदा भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे बघितलं तेव्हा ती रडवेली झाली होती. सोनोग्राफीचा प्रोब धरायला, टेक्निशियनकडून माध्यमं शिकायला, फिजिओथेरपिस्टबरोबर पोटरीचे व्यायाम बघायला जो वेळ गेला तो कुठून तरी येणारच होता. तो थिएटरमधून आला. जे तरुण मला विचारतात की सगळीकडे थोडं थोडं शिकू का, त्यांना मी सरळ हो म्हणत नाही. आठवड्यातले थिएटरचे दिवस मोडायचे नाहीत, हे मी आता तिलाही बजावलं होतं. रात्री दहा वाजताची ती सहा सेंटिमीटर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

शिवाय तिचं हे शिकणं कशातही तोंड घालणं नव्हतं. ती ज्या माणसांच्या पायांवर काम करणार होती, त्या माणसांच्या दिवसाभोवती तिचं शिकणं फिरत होतं. ते पाण्यात कधी उतरतात, झाडावर कधी चढतात, काय खातात, काय पितात. एप्रिल-मे महिन्यांत हापूस उतरवताना फांदीवरून पडलेले लोक येतात, तेव्हा पहिल्या मिनिटात मान कशी धरायची हे तिनं बागेतल्या गड्यांना जाऊन शिकवलं, आणि त्या बदल्यात कलमाच्या कुठल्या फांद्या फसव्या असतात ते स्वतः शिकून आली. तिची वही त्या किनाऱ्याची होती. विदर्भात काम करणाऱ्या सर्जनच्या वहीत दुसरे रकाने असतील.

त्यानंतर

दुसऱ्या वर्षी तिनं अपघात विभागाच्या केसपेपरवर एक ओळ शिक्का मारून वाढवली: जखम कुठल्या पाण्यात झाली. खाली तीन चौकोन. अधीक्षकांना आधी ते अनावश्यक वाटलं, मग सवयीचं झालं. तो पावसाळा संपेपर्यंत बऱ्याच जखमा नोंदल्या गेल्या. बहुतेक साध्या होत्या, दोन पाकटाच्या. व्हिब्रिओ एकही नाही, आणि याचा तिला जो आनंद झाला तो मी पाहिला आहे. मच्छीमार सोसायटीत जाऊन तिनं बूट आणि यकृत या दोनच गोष्टींवर बोलणं केलं. आमचा रुग्ण तिथे पाय पुढे करून बसला होता. त्याचा पाय बघितल्यावर तिला फारसं बोलावं लागलं नाही. दारू त्यानं सोडली असं मी म्हणणार नाही. कमी केली, असं बायको म्हणते.

थिएटरमध्येही ती त्या वर्षी जास्त उभी राहिली. मी माझ्या याद्यांतले दोन वार तिच्या नावावर केले. दुसऱ्या पावसाळ्यात मधुमेहाचा एक सडलेला पाय आला तेव्हा तिनं छेद चांगल्या कातडीखालून पुढे नेला, बोट घट्ट लागेपर्यंत. मी समोर उभा होतो, मला तोंड उघडावं लागलं नाही.

यंदा ती प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचला गेली. लावलेली कातडी घोट्याच्या वळणावर आखडत गेलेली तिनं पाहिली होती, आणि ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. तिच्या जागी आलेला मुलगा सोलापूरकडचा आहे, त्यानं खाडी पहिल्यांदा इथेच पाहिली. जूनमध्ये त्यानं मला विचारलं की केसपेपरवर हा खारं-गोडं-चिखलचा शिक्का कशाला? मी त्याला खाली प्रयोगशाळेत पाठवलं. जुना टेक्निशियन निवृत्त झालाय, पण फ्रिजच्या दारात पेप्टोन वॉटरच्या दोन बाटल्या असतात. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं तारीख. नव्या टेक्निशियननं त्या आठवड्यातच बदलल्या होत्या.